दहा नखं, पंधरा एप्रिलपर्यंत

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५.५०

आजपासून रोजनिशी. ही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तेव्हा इथे खोटं लिहिण्याचा प्रश्नच येत नाही.

वस्तुस्थिती. डाव्या अनामिकेच्या नखावर सात बारीक खड्डे, टाचणीने टोचल्यासारखे. परवा पाच होते. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली पिवळट डाग, कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा. अनामिकेचं कारण: कपाटाचा ड्रॉवर. अंगठ्याचं कारण: तोच ड्रॉवर, दुसऱ्या वेळी.

एरवी कुणी इतका विचार केला नसता. पण मी बिस्किटांच्या कारखान्यात हायजीन सुपरवायझर आहे, प्रोबेशनवर. रोज पावणेसातला पॅकिंग हॉलच्या दारात उभं राहून अठ्ठावीस जणींचे हात तपासायचे. आधी पालथे, मग उताणे. वर टॉर्च मारायचा. वाढलेली नखं, रंगवलेली नखं, जखम, संसर्ग, यांतलं काहीही दिसलं की आत प्रवेश नाही. हे कलम सात. मला पाठ आहे.

मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते साहेब पंधरा एप्रिलला ठरवणार.

संकल्प: तोपर्यंत दहाही नखं काचेसारखी. एकाहत्तर दिवस आहेत. भरपूर झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रजिस्टरच्या पानावर सर्वांत खाली एक रकाना आहे, 'तपासणाऱ्याचे हात'. तिथली बरोबरची खूण मीच करायची. आज पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं. शेवटी पेन्सिलने केली.

पेन्सिलची खूण ही खोटी खूण नव्हे. ती मुदतीची खरी खूण आहे. नखं बरी झाली की सगळ्या एकदम पेनने गिरवेन. यात कुणाचीही फसवणूक होत नाही. दोनदा विचार करून लिहिते आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

इतर मुलं जे शाळेत शिकली ते मी घरी शिकले. बाबा शाळेत मास्तर, तरी सात वर्षांची होईपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवलं: अक्षरं, पाढे आणि नखं. रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर हात ठेवायचे, मग बाबा चष्मा पुसून नेलकटर घेऊन बसणार. मी सव्वीस वर्षांची आहे. पद्धत अजून सुरू आहे. नखं म्हणजे माणसाचा दर्शनी भाग, असं बाबांचं म्हणणं.

आज मी शनिवारीच नखं कापून ठेवली होती आणि कापलेले तुकडे पुडीत बांधून पुरावा म्हणून दिले. बाबा म्हणाले, पुरावा राहू दे, हात आण. मी म्हटलं, हाताला साबण आहे, भांडी घासतेय. मग भांडी घासणं भागच पडलं. चाळीस मिनिटं घासली. आई म्हणाली, बाई गं, आता पातेल्याला भोक पडेल.

खोटं बोलले नाही. साबण होताच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

औषधाच्या दुकानात गेले. एका ओळखीच्या मुलीच्या नखांना असं असं झालंय, असं सांगितलं. दुकानदाराने काउंटरवरच्या माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, तुमच्या ओळखीच्या मुलीला फंगस असणार, हे लावायला सांगा, पण आधी एकदा स्किनच्या डॉक्टरला दाखवलं तर बरं. त्या ओळखीच्या मुलीने हात खिशात घातले.

डॉक्टरची गरज नाही. निदान दुकानातच झालंय. बाटलीतलं औषध दिवसातून एकदा. माझ्यातर्फे जोडीला व्हिनेगर दोनदा आणि ठेचलेला लसूण रात्रभर, पट्टी बांधून. तिन्ही बाजूंनी हल्ला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, पॅकिंगमध्ये लसणाचा वास येतोय, कुठून? ग्राहकाने दुधाचं बिस्किट मागवलंय. चौकशी अर्थातच हायजीनकडे, म्हणजे माझ्याकडे आली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गोदाम, लॉकर, पाण्याच्या टाक्या, सगळं बघितलं. दोन पानी अहवाल दिला. वासाचा उगम आढळला नाही. सोमवारपासून वास येणार नाही, असा अंदाज शेवटी नोंदवला. साहेब म्हणाले, अंदाज भलताच नेमका आहे.

लसूण बंद.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.२०, लॉकर रूममध्ये

आज कर्तव्य केलं. डबा उघडलेला नाही. कारण: वेळ नाही.

रांगेत सातव्या टेपताई होत्या. खोक्यांना टेप लावायच्या मशीनवर त्या चौदा वर्षं आहेत, म्हणून सगळ्या त्यांना टेपताई म्हणतात. हात पालथे केले. टॉर्च मारला. चार नखांवर खड्डे. एका नखाखाली पिवळा डाग. एक नख टोकाकडून सुटलेलं, खालचं पांढरं दिसत होतं.

मी विचारलं, हे काय? ताई म्हणाल्या, असंच आहे हो मॅडम, येतं-जातं, वर्ष झालं. मी म्हटलं, संसर्ग दिसतोय, कलम सात. ताईंनी माझ्या हातातल्या टॉर्चकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, बरं.

त्यांना मागच्या शेडमध्ये पाठवलंय, कोरी खोकी घडी करायला. तिथे त्या एकट्याच असतात. डॉक्टरचं पत्र आणलं की परत.

ताईंच्या नखांना आणि माझ्या नखांना सारखेपणा वाटू शकतो, पण तो वरवरचा आहे. त्यांचं येतं-जातं. माझं ड्रॉवरमुळे आहे.

खूण: पेन्सिल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

टेप मशीनवर नवीन मुलगी बसवलीय. दोनदा टेप अडकली. रांगेतली कुणी मोठ्याने म्हणाली, ताई असत्या तर. मी ऐकलं नाही. म्हणजे, ऐकलं नाही असं दाखवलं. पारदर्शकतेसाठी लिहून ठेवते.

आजपासून ग्लोव्ह्ज, दोन एकावर एक. सुपरवायझरने आदर्श ठेवावा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नखाखाली पांढरा भुगा जमतोय. स्वच्छतेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. टाचणी उकळून घेतली आणि रोज दोन वेळा खालून खरवडते आहे. वरचे खड्डे कानशीने घासून सपाट करायचे. आठवड्यात फरक दिसला. अनामिकेचं नख आता अर्ध्यापर्यंत सुटलंय. सुटलंय म्हणजे जुनं जाऊन नवं येणार. प्रगती.

पायाचा अंगठा वेगळा विषय आहे. नख नाण्याएवढं जाड झालंय, नेलकटरच्या तोंडात मावत नाही. कारण: सेफ्टी शूज.

उजवं मधलं बोट सकाळी वाकत नाही, फुगल्यासारखं असतं. नऊपर्यंत सुटतं. कारण: रजिस्टर जड आहे.

३ मार्च, सोमवार

ताई जेवणाच्या सुट्टीत आल्या. म्हणाल्या, मॅडम, तिथे दिवसभर बोलायला माणूस नाही, मी खोक्यांशी बोलायला लागलेय, आणि एक-दोन उत्तरंही द्यायला लागलीत. मी म्हटलं, डॉक्टरचं पत्र आणा. त्या म्हणाल्या, बारा तारखेला नंबर लागलाय, बुधवारी संध्याकाळी. तुम्ही पण चला की.

मी म्हटलं, मी कशाला?

त्या म्हणाल्या, सोबतीला.

मी म्हटलं, त्या दिवशी काम आहे. कोणतं काम ते अजून ठरलेलं नाही, पण त्या दिवशी काम असणार हे नक्की.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६

शुक्रवारी ग्राहकाचे लोक ऑडिटला येणार आहेत. साहेब रजिस्टर चाळत होते. पान उलटलं, पान उलटलं, थांबले. शेवटची खूण पेन्सिलने का, विचारलं. मी म्हटलं, पेन संपलं होतं. ते म्हणाले, महिनाभर? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, बरं, गिरवून ठेवा, उद्यापर्यंत.

एकतीस खुणा आहेत. रजिस्टर घरी आणलंय.

६.३० पहिली गिरवली.

६.४० दुसरी. तिसरी.

६.५५ चौथी. पान मधलंच उघडलं गेलं होतं, १७ फेब्रुवारीचं. खुणेच्या वरच लिहिलं आहे: 'क्र. ७, संसर्ग, प्रवेश नाही.' अक्षर माझंच. ठळक, पेनने.

७.३० पाचवी गिरवली नाही. पेन चालू आहे. कागदावर टेकत नाहीये.

निर्णय: उद्या संध्याकाळी स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं. टेपताईंच्या प्रकरणात तांत्रिक माहिती घेण्यासाठी. माझा संबंध निरीक्षक म्हणून.

१२ मार्च, बुधवार

बाहेरच्या बाकावर टेपताई बसल्या होत्या. मी विसरले होते की त्यांचाही नंबर आजच आहे. म्हणजे विसरले नव्हते. पण त्यांचा होऊन गेला असेल, असं धरलं होतं.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, जागा केली आणि म्हणाल्या, ये पोरी, बस. मला वाटलं होतं, तू मार्चही डॉक्टरशिवाय काढशील.

मला म्हणायचं होतं, मी माहितीसाठी आले आहे. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

ताई म्हणाल्या, अगं, टॉर्च कुठल्या हातात धरतेस? आमची नखं बघायला तू टॉर्च नाकासमोर आणायचीस, तेव्हा आम्हाला तुझीच दिसायची की. ग्लोव्ह्ज घालायच्या आधी अठ्ठावीस जणी रोज तुझी नखं बघत होत्या. आमच्यात पैज लागली होती, ड्रॉवर म्हणेल की दरवाजा.

मी विचारलं, पैज कोण जिंकलं? त्या म्हणाल्या, तू अजून काही बोललीच नाहीस. मी सांगितलं, ड्रॉवर. त्या इतक्या हसल्या की आतून डॉक्टरीणबाईंनी डोकावून बघितलं.

मग हसू थांबल्यावर म्हणाल्या, पण त्या दिवशी तू मला काढलंस ना, तेव्हा हसू आलं नव्हतं.

मी हात खिशातून काढून मांडीवर ठेवले. आधी पालथे, मग उताणे.

डॉक्टरीणबाईंनी आधी ताईंची नखं बघितली, मग माझी. ताईंनी मागच्या खेपेला दिलेल्या नखाच्या तुकड्याची तपासणी झाली होती. फंगस नाही. सोरायसिस, नखांतला. माझंही तेच दिसतंय म्हणाल्या, तरी खात्रीसाठी माझाही तुकडा पाठवलाय. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच कातडीवर चालून जाते, त्यामुळे नख जिथे तयार होतं तिथेच बिघडतं. म्हणून खड्डे, तेलासारखे डाग, नख सुटणं, खाली भुगा, जाड होणं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हात लावून, टॉवेल वापरून, बिस्किटांमधून, कशातूनही नाही.

मी माझे उपाय सांगितले, तारीखवार. व्हिनेगर, लसूण, कानस, उकळलेली टाचणी. मला वाटलं, टाचणी उकळली म्हणून कौतुक होईल. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, नखाला इजा झाली की हा आजार तिथेच जोर धरतो, तुम्ही रोज दोनदा त्याला बोलावत होतात. नखं आखूड ठेवा. खालून खरवडू नका. लिहून दिलेलं मलम लावा, आणि धीर धरा.

मी विचारलं, पंधरा एप्रिलपर्यंत? त्या म्हणाल्या, हाताची नखं पूर्ण नवी यायला सहा महिने लागतात, पायाची वर्ष-दीड वर्ष, आणि पूर्ण साफ होतीलच असं सांगता येत नाही.

मग सकाळी बोटं आखडतात का, विचारलं. मी रजिस्टरच्या वजनाबद्दल सांगितलं. त्यांनी मधलं बोट दाबून बघितलं आणि सांध्याच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली. हे टाळायचं नाही, असं दोनदा म्हणाल्या.

फॉर्मवर 'घरात कुणाला?' असं होतं. मी ठामपणे 'नाही' लिहिलं. आमच्या घरात नखांची तपासणी असते.

१३ मार्च, गुरुवार

सकाळीच साहेबांकडे गेले. ताईंचं पत्र ठेवलं, माझं पत्र ठेवलं, रजिस्टर ठेवलं. रात्रभर भाषण तयार केलं होतं, त्यातलं पहिलंच वाक्य आठवलं नाही. म्हटलं, चार खुणा पेनच्या आणि सत्तावीस पेन्सिलच्या, सगळ्या चुकीच्या आहेत.

साहेबांनी दोन्ही पत्रं वाचली. विचारलं, लागण होत नाही ना? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, म्हणजे सारखीच नखं, एकीला तुम्ही बावीस दिवस बाहेर ठेवलंत आणि दुसरीला आत.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

ताई उद्यापासून टेप मशीनवर. माझं पंधरा एप्रिललाच बघू, म्हणाले.

१४ मार्च, शुक्रवार

ऑडिटवाल्या बाईंनी पेन्सिलच्या खुणांबद्दलचा माझा लेखी खुलासा वाचला. शेरा लिहिला: तपासणाऱ्याचे हात दुसऱ्या कुणी तपासावेत. साहेबांनी टॉर्च टेपताईंच्या हातात दिला. आता सकाळी त्या तपासणार, मी फक्त रजिस्टर लिहिणार.

याला पदावनती म्हणता येणार नाही. याला कामाची विभागणी म्हणतात.

१६ मार्च, रविवार

वर्तमानपत्रावर हात ठेवले. दहाही. बाबांनी चष्मा पुसला, बघितलं, पुन्हा पुसला. मी सोरायसिस सांगितलं, खड्डे, डाग, सगळं. घराण्यात कुणाला नाही, असंही डॉक्टरांना लिहून दिल्याचं सांगितलं.

आई भाजी निवडत होती. तिकडूनच म्हणाली, मोजे काढा की आता.

बाबा घरात सदैव मोजे घालतात. मला आजवर ती शिस्त वाटायची.

बाबा म्हणाले, फरशी गार आहे. आई म्हणाली, बत्तीस वर्षं गारच आहे.

बाबांनी मोजे काढले. दहाही बोटं. जाड, पिवळी, वेडीवाकडी नखं. माझ्या पायाचा अंगठा त्यांच्यापुढे शिकाऊ वाटला. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, शाळेत मुलांची नखं तपासायचो, स्वतःची कुणाला दाखवणार? म्हटलं, तुझ्यात काही आलं तर निदान लवकर दिसावं.

मग मी त्यांची नखं कापायला घेतली. नेलकटरने झालं नाही. कोमट पाण्यात पाय ठेवायला लावले, हळूहळू थोडी कापली. बाबा सारखे म्हणत होते, पुरे, पुरे. पाय मात्र मागे घेतला नाही.

डॉक्टरांच्या फॉर्मवर दुरुस्ती करायची आहे.

१८ मार्च, मंगळवार

ताईंना लेखी माफीनामा दिला. अडीच पानं, मुद्देसूद. त्यांनी हातात घेऊन वजन केलं आणि परत दिला. म्हणाल्या, एवढं मी कधी वाचू? चारला मागच्या शेडमध्ये ये, दोनशे खोकी घडी कर. एकटीने. मग कळेल मला तुझं म्हणणं.

एकशे चाळीस झाली. मग बोटं वाकेनात. ताई आल्या, उरलेली साठ त्यांनी केली. जाताना माझ्या पाठीवर खोक्याने एक टोला दिला. मी याचा अर्थ माफी असा घेते. अजून पक्कं नाही.

३१ मार्च, सोमवार

तपासणीचा निकाल: मलाही फंगस नाही. सांध्याच्या डॉक्टरांकडे गेले. बोट आखडणंही सोरायसिसमुळेच, गोळ्या सुरू. रजिस्टर निर्दोष ठरलं.

नखाच्या मुळाशी दीड मिलिमीटर नवं नख, एकही खड्डा नाही. शास्त्रशुद्ध नोंद ठेवायचं ठरवलंय. आलेख काढलाय. मुळापासून टोकापर्यंतचं अंतर मोजायला टोक शाबूत पाहिजे, म्हणून दोन नखं कापत नाहीये. डॉक्टरीणबाईंनी आखूड ठेवायला सांगितलंय, पण त्यांनी आलेख बघितलेला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

साहेबांनी पत्र दिलं. कायम! खाली एक ओळ: रोज सकाळी इतरांसारखं रांगेत उभं राहून हात दाखवणे. मी म्हटलं, आनंदाने.

उद्याचा कार्यक्रम: रांगेत पहिली उभी राहणार. ग्लोव्ह्जशिवाय. हात असे पुढे करणार की सगळ्यांनी बघावं. दोन शब्दही बोलेन, आजार लपवू नये वगैरे. मुद्दे काढून ठेवलेत. आई म्हणाली, आधी ती दोन नखं काप. मी म्हटलं, आई, तो डेटा आहे.

१६ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.०५, गेटबाहेर

रांगेत पहिली उभी राहिले. हात पुढे केले. मागे सत्तावीस जणी. मी घसा खाकरला.

ताईंनी टॉर्च मारला. खड्डे बघितले, डाग बघितला, मान हलवली. मग टॉर्च त्या दोन नखांवर थांबला. म्हणाल्या, ही काय?

मी म्हटलं, मोजमापासाठी ठेवलीत, आलेख आहे.

ताई म्हणाल्या, वाढलेली नखं. कलम सात. पाठ आहे ना तुला?

मागून कुणीतरी म्हणालं, ड्रॉवरमध्ये अडकतील. ताईंनी हसू दाबलं आणि म्हणाल्या, पुढची.

भाषण झालं नाही. नखं कापेपर्यंत गेटबाहेर थांबायचं. रजिस्टर आज ताईंच्या जागी बसवलेली ती नवीन मुलगी लिहितेय. माझं नेलकटर लॉकरमध्ये आहे, लॉकर आत आहे आणि मी बाहेर आहे. गेटवर बदली वॉचमन आहे. त्याने नेलकटर मागवायला आत फोन लावला, मला स्टूल दिलं आणि विचारलं, ताई, नवीन लागलात का?

मी म्हटलं, हो. आजपासूनच.